दाजी, ते बघा!

मोर पाहायला आम्ही बीडहून नायगावला निघालो होतो. पाटोदा तालुक्यातलं हे मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. गाडी दाजी चालवत होते. वाटेत तारेवर नीलपंख दिसला आणि मी ओरडलो, "दाजी, ते बघा!" त्यांनी मान वळवली अन् समोर शेळ्या! करकचून ब्रेक लागला. शेळ्या वाचल्या, राखणाऱ्या आजींनी मात्र दाजींना चांगलंच फैलावर घेतलं. खरी चूक माझी होती. (दाजींनीही तसं ऐकवलंच.)

तेव्हापासून चालवणाऱ्याला आम्ही पक्षी दाखवत नाही. पाहायचाच असेल तर डांबरी रस्ता सोडून गाडी पूर्ण खाली घेतो. वळणावर, पुलावर थांबत नाही. आणि उतरायची घाई कशाला? उभ्या गाडीला पक्षी सहसा बुजत नाहीत, माणूस उतरला की भुर्रकन उडतात!

त्या दिवशी तसेच आत बसून राहिलो. नीलपंख खाली झेपावला, नाकतोडा धरून परत तारेवर. उडताना पंखांतली निळाई लख्ख उघडली. दाजी म्हणाले, "अरे, बसलेला तर नुसता मातकट दिसत होता!"

मोर मात्र नुसते ऐकू आले.