गहाण काय टाकता?



विद्यापीठानं तालमी-मंडळांशी हातमिळवणी करावी, खेळाडू घडवावेत, असं म्हणतात. करा की! आमची ना नाही. पण हात कुणाच्या हातात देणार, तेवढं आधी बोला.

कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती लाल माती नव्हे. पेठ, भावकी, गणपती, फुटबॉलचा संघ सगळं तिच्यातच. विद्यापीठाचा करार तालमीशी झाला, म्हणजे पेठेशी झाला. वस्तीतल्या पोराशी कोण करणार? त्याच्या मंडळाला आखाडा नाही, मैदान नाही, साधा शिक्कासुद्धा नाही.

शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. त्याच राजानं गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घेतला. मैदानाचं कौतुक सांगता, मग चहाच्या वेळी जीभ का अडते?

१९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले. खिशात पैसा नव्हता. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. ह्याला म्हणायची भागीदारी!

१९६२ साली उभ्या राहिलेल्या शिवाजी विद्यापीठाला आमचा सवाल: तुम्ही काय गहाण टाकता? घर नको. मैदानाचे चार तास वस्तीच्या नावानं लिहून द्या. कोच आमच्या गल्लीत पाठवा. पोरींनाही बूट द्या. हे सगळं करारात घाला, भाषणात नको.

आणि आपणही नुसतं बोंबलत बसायचं नाही. मंडळ नोंदवा, अर्ज टाका. नाकारला तर कारण लेखी मागा.

मेहेरबानी नको. मैदान पायजे.

जयभीम!