खुर्ची लाड, काच गरज
१:३२ मापाचं मिग-२१ म्हणजे डोंबिवलीच्या वन बीएचकेत जवळजवळ दीड फुटाचा पाहुणा. वर त्याला रेझिनचे सुटे भाग कशाला, असं बायको विचारते. तिचं निम्मं पटतं. खुर्ची, चाकं हे निव्वळ लाड, किटमधली चालतात. पण ट्रम्पीटरच्या एमएफ किटमधून थेट आपलं 'बायसन' होत नाही. त्याची पुढची काच अखंड, फ्रेमशिवाय. नाशिकजवळ ओझरला बनलेलं, २६ सप्टेंबर २०२५ला निवृत्त झालेलं विमान हुबेहूब हवं, तर कन्व्हर्जनचे भाग घ्या. फक्त रेझिन कोरडं घासू नका राव! पाणी लावून घासा, मास्क लावा. ती धूळ घरातच राहते, आणि आपली पोरंही. असो.