देह आणि देही यांचें सख्य

गेल्या कांहीं वर्षांत तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांतून ‘सार्वत्रिक मानवी मूल्यें’ या नांवाचा एक विषय शिकविला जाऊं लागला आहे. यंत्रें, वीज आणि गणित यांच्या पंक्तीस बसलेला हा पाहुणा पाहून पुष्कळांस नवल वाटतें. परंतु त्यांतील एक प्रकरण असें आहे कीं, तें अभियंत्यांच्या वर्गापेक्षां आपल्या माजघरांतच अधिक वाचलें जावें. ‘मी’ आणि ‘शरीर’ यांतील सुसंवाद हा त्या प्रकरणाचा विषय. अमरकंटक येथील विचारवंत ए. नागराज (१९२०–२०१६) यांच्या तत्त्वविचाराचा या अभ्यासक्रमास मोठा आधार आहे. नांदेड आणि लातूर या दोन विद्यानगरांकडे ज्यांचीं मुलें शिकावयास गेलीं आहेत किंवा जावयाचीं आहेत, अशा घरांनीं तरी या विषयाचा थोडा विचार करावा, म्हणून आज तो येथें घेतला आहे.

यांतील मुख्य सिद्धांत सोपा आहे. मनुष्य म्हणजे दोघांचा संसार. एक ‘मी’ : जाणणारा, इच्छा करणारा, निवड करणारा. दुसरें शरीर : त्या ‘मी’चें साधन आणि सोबती. दोघांच्या गरजा निराळ्या. शरीराच्या गरजा मोजतां येतात, आणि भागल्या म्हणजे कांहीं काळ स्वस्थ राहतात. अमुक इतकें पाणी, इतक्या भाकरी, इतके तास झोंप. ‘मी’ला हवें असतें तें विश्वास, आदर आणि स्नेह. त्यांना माप नाहीं आणि सुटीही नाहीं. सकाळीं आदर मिळाला, आतां सायंकाळपर्यंत अपमान चालेल, असें कोणी म्हणत नाहीं. या दोन हिशेबांची सरमिसळ झाली कीं संसार बिघडतो. पंगतीत दोन पुरणपोळ्यांनीं शरीर तृप्त होतें; तिसरी जी पानांत पडते ती शरीरासाठीं नसते, ती आग्रह करणाऱ्याच्या आणि करवून घेणाऱ्याच्या ‘मी’साठीं असते. पचवावी मात्र लागते शरीराला!

हा विवेक आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. योग कोणाला साधत नाहीं हें सांगतांना गीतेच्या सहाव्या अध्यायांत अति खाणारा आणि मुळींच न खाणारा, अति झोंपणारा आणि अति जागणारा, या चौघांनाही सारखेंच बाहेर ठेविलें आहे. कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांत तपानें कृश झालेल्या पार्वतीला बटुवेषधारी शंकर विचारतो कीं, तुझें तप शक्तीच्या मानानें चाललें आहे ना? कारण धर्माचें पहिलें साधन शरीरच होय. चरकसंहितेनें आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, आणि रोगांच्या कारणांत ‘प्रज्ञापराध’ हें एक मोठें कारण गणलें. बुद्धि, धृति आणि स्मृति ढळल्यामुळें मनुष्य आपल्या हिताविरुद्ध जें वर्तन करतो तो प्रज्ञापराध. म्हणजे पुष्कळ व्याधींत अपराध शरीराचा नसून त्याच्या धन्याचा असतो, असा याचा अर्थ.

या दोन प्रकारच्या गरजांचा धडा लातूर जिल्ह्यानें पुस्तकाबाहेरही घेतला आहे. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराचें पाणी आटलें, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी आलें. शरीराची गरज अशी असते : ती लिटरांत मांडतां येते, गाडीत भरतां येते, आणि ती भागविण्यावांचून गत्यंतर नसतें. त्याच्याही आधीं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचें मातीचें ओझें निजलेल्या माणसांवर कोसळून सुमारें १०,००० माणसें मृत्यु पावलीं. पुढें लातूर आणि शेजारच्या त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. अन्न, वस्त्र, औषध आणि मजबूत घर हीं शरीराचीं निकडीचीं देणीं होतीं, आणि तीं दिलीं गेलीं हें योग्यच झालें. पण रुंद रस्त्यांच्या सरळ ओळींत जुना शेजार, जुनी गल्ली आणि ओट्यावरची बैठक आपोआप परत आली नाहीं. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्या ‘मी’ला छपराबरोबर सोबत हवी होती, आणि ती कोणत्याही ठेकेदाराकडून बांधून मिळत नाहीं. शरीराला दिल्यानें ‘मी’चें भागत नाहीं, आणि ‘मी’ला समजाविल्यानें शरीराची तहान भागत नाहीं. दोघांचें दोघांना द्यावें लागतें.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. ‘लातूर पॅटर्न’ हें नांव आज महाराष्ट्राच्या घराघरांत माहीत आहे. मागासलेल्या म्हणून गणलेल्या मराठवाड्यांतील मुलांनीं परिश्रमाच्या बळावर गुणवत्ता यादींत नांवें झळकविलीं, हा त्या प्रांताच्या अभिमानाचा विषय आहे आणि तो कोणीं हिरावून घेऊं नये. त्याच कीर्तीमुळें आज लातूरच्या उद्योग भवन परिसरांत आणि नांदेडच्या शिकवणीवर्गांत गांवोगांवचीं सोळा-सतरा वर्षांचीं मुलें येऊन राहतात. एक खोली, खानावळीचा डबा, पहाटेपासून वर्ग, रात्रीं उशिरापर्यंत दिवा. डोळ्यांपुढें वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे ७२० गुण. २०२४ साली ही परीक्षा देशभरांत २३ लाखांहून अधिक मुलांनीं दिली, एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्याही आंत होत्या. म्हणजे वीस मुलांत एकालाच जागा मिळावयाची, हें गणित परीक्षेपूर्वींच ठरलेलें असतें.

या शर्यतींत पहिला बळी जातो तो झोंपेचा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोंप हवी, असें निद्राशास्त्राचे तज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेलें स्मरणांत पक्कें करण्याचें काम मेंदु झोंपेंत करतो. तेव्हां झोंप तोडून केलेला अभ्यास हा गळक्या रांजणांत ओतलेल्या पाण्यासारखा आहे : ओतणाऱ्याचे हात दुखतात, रांजण भरत नाहीं. दुसरा बळी आहाराचा. खानावळीचा डबा सोडून बिस्किटें आणि चहा यांवर दिवस काढणारीं मुलें थोडीं नाहींत. मुलींची स्थिति तर आधींच कठीण आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकीं ५९ टक्के मुलींत रक्ताल्पता आढळली. थकलेली मुलगी आळशी आहे असें आपण म्हणतों. तिच्या रक्तांत लोह कमी आहे हें कोणी पाहत नाहीं.

शरीराला आपली तक्रार शब्दांत मांडतां येत नाहीं. डोकें दुखणें, आम्लपित्त, भूक मरणें, पाळी अनियमित होणें, चिडचिड, रात्रीं डोळा न लागणें, ही त्याची भाषा. तिच्याकडे दुर्लक्ष केलें कीं तें आवाज चढवितें. आणि कधीं कधीं तक्रार करणारा शरीर नसून ‘मी’ असतो. २०२२ या एका वर्षांत देशांत १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं आपला जीव दिला, आणि त्या यादींत महाराष्ट्र पहिला होता. हा आंकडा वाचून पुढें जाण्यासारखा नाहीं.

यावर एक आक्षेप हमखास येतो. “आमचे वडील-आजोबा माधुकरी मागून, वार लावून, देवळाच्या दिव्याखालीं शिकले. त्यांनीं कोठें झोंपेचे तास मोजले?” आक्षेपांत सत्याचा अंश आहे. कष्टांवांचून विद्या नाहीं, आणि कष्टाची संवय ही मोठी देणगी आहे. पण आठवणी लिहितो तो पार पडलेला मनुष्य; जो वाटेंत क्षयानें वा उपासमारीनें पडला त्याचें आत्मचरित्र आपल्या कपाटांत नसतें. शिवाय त्या काळांतही शहाणा विचार करणारे होतेच. बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां त्यांची प्रकृति कृश होती. त्यांनीं कॉलेजाचें पहिलें वर्ष तालीम आणि पोहणें यांसाठीं वाहिलें, आणि त्या वर्षीं परीक्षेंत अपयश पत्करलें. १८७६ साली ते बी. ए. झालेच. पुढें १९०८ ते १९१४ अशीं सहा वर्षें मंडालेचा तुरुंग त्यांनीं मधुमेह असतांही सोसला आणि तेथेंच गीतारहस्य लिहिलें, त्यांत त्या एका ‘वायां गेलेल्या’ वर्षाचा वांटा नाहीं असें कोण म्हणेल? त्यांचेच समवयस्क मित्र गोपाळ गणेश आगरकर. दोघांचा जन्म १८५६ चा. अत्यंत दारिद्र्यांत शिकलेला हा तेजस्वी पुरुष जन्मभर दम्यानें पिडला आणि १८९५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं गेला. दमा हा कांहीं कोणाचा अपराध नव्हे, आणि आगरकरांच्या त्यागास तर तोड नाहीं. परंतु साधन लवकर खचलें तर थोरांतल्या थोर ‘मी’चेंही कार्य अर्धें राहतें, एवढें त्या चरित्रावरून मनांत येतेंच.

नांदेडच्या विद्यापीठास स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव आहे. ते संन्यासी होते, आणि त्यापूर्वींपासून शिक्षक. संन्यास म्हणजे देहाचा तिरस्कार, असा समज आपल्याकडे फार आहे. पण भगवीं वस्त्रें घेऊनही त्यांनीं हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत तुरुंगवास सोसला आणि १९७२ पर्यंत लोकसेवा केली, ती देहाकडूनच करवून घेतली. देहाची आसक्ति सोडणें निराळें आणि देहाची हेळसांड करणें निराळें. चाकराला मालक करूं नये हें खरें. पण चाकराला उपाशीही ठेवूं नये.

येथें आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. मुलाच्या रात्रींच्या दिव्याला तेल कोण घालतें? पुष्कळदां तें आईबापांच्या ‘मी’चें असतें. “आमचा मुलगा डॉक्टर होणार” हें वाक्य लग्नाच्या मांडवांत बोलतां यावें, ही आपली आदराची भूक. ती भूक खरी आहे. पण तिची किंमत सोळा वर्षांच्या दुसऱ्याच शरीरानें का भरावी? आपल्या मानासाठीं मुलाचें शरीर खर्ची घालणें हा प्रज्ञापराधच होय, आणि त्याची शिक्षा अपराध्याला होत नाहीं म्हणून तो अधिकच जड. मुलाला स्वतःलाच ती ओढ असेल तर गोष्ट निराळी. तेव्हां आपलें काम त्याला रोखण्याचें नसून त्याचें साधन शाबूत ठेवण्याचें आहे.

आणि माउलींस एक नम्र विनंती. घरांत सर्वांचीं पानें उठल्यावर उरलेंसुरलें खाणें, दुखणें अंगावर काढणें, उपवासाला चहावर दिवस ढकलणें, याला आपण फार काळ सद्गुण मानीत आलों. आईचें पाहूनच मुलगी शिकते. आपलें शरीर शेवटचें, हा धडा जिनें स्वयंपाकघरांत घेतला ती लातूरच्या खोलींत डबा परत पाठविणारच. लेकीला “नीट जेव” म्हणावयाचें असेल तर आईनें आधीं वेळेवर पानावर बसावें.

करावयाचें तें फार नाहीं. मुलाला खोली घेऊन देतांना वर्गाच्या शुल्काइतकीच चौकशी खानावळीची, उजेडाची आणि वाऱ्याची करावी. अभ्यासाचें वेळापत्रक आंखतांना झोंपेचे तास आधीं लिहावे आणि उरलेल्यांत अभ्यास बसवावा. आज आपण उलट करतों. रोज अर्धा तास उन्हांत चालणें हा वेळेचा अपव्यय मानूं नये. सहा महिन्यांनीं एकदां रक्त तपासावें. दूरध्वनीवर पहिला प्रश्न “किती गुण पडले?” हा नसावा, “झोंप लागते का? आज काय जेवलास?” हा असावा, आणि उत्तर ऐकण्यास सवड असावी. मूल गप्प राहूं लागलें, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवूं लागलें, तर परीक्षा होईपर्यंत थांबूं नये. त्याच दिवशीं त्याच्यापाशीं जावें आणि डॉक्टरांस दाखवावें. सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ या क्रमांकाची विनामूल्य सेवाही त्यासाठींच आहे.

सर्वांत महत्त्वाचें तें हें : निकालापूर्वींच मुलाला एकदां स्पष्ट सांगावें कीं, वीसांतला तो एक तूं झालास तर आनंदच आहे, न झालास तर या घरांतील तुझें पान कांहीं हलणार नाहीं. एवढें ऐकल्यावर त्याचा ‘मी’ निश्चिंत होतो, आणि निश्चिंत ‘मी’ शरीराला झोंपूं देतो. मार्चपर्यंतचा अभ्यास त्यानें कमी होईल असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हा प्रयोग एक महिना करून पाहावा.