माळ्यावरचा रुमाल

घोडेगांवासारख्या नेवासें तालुक्यांतील गांवीं, जुन्या घराच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल सांपडला, कीं ‘ही पोथी नव्हे, नुसते हिशेब’ असें म्हणून तो बंबांत घालण्याचा मोह होतो. परंतु वाचकहो, संशोधकांच्या संग्रहांत केवळ पोथ्याच नसतात. पुण्यास राजवाडे व मेहेंदळे यांनीं १९१० सालीं स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळांत पोथ्यांशेजारीं पत्रें, ताम्रपट, नाणीं, चित्रें हींही आहेत. पेशवे दप्तरांत तर जमाखर्चाचे कागद विपुल. धान्य काय भावानें विकलें, दुष्काळांत सारा किती सुटला, हें बखर क्वचितच सांगते, हिशेब सांगतो. म्हणून आमची विनंति इतकीच, कीं रुमाल बंबाकडे नेण्यापूर्वीं मोडी जाणणारास दाखवावा. जळाल्या कागदाची नक्कल कोठेंही मिळत नाहीं.