द्राक्षांची तपासणी होते, विहिरीच्या पाण्याचे काय?

जुन्नर-आंबेगावची द्राक्षे युरोपात पाठवायची म्हटले की बागेतला नमुना आधी प्रयोगशाळेत जातो. २०१० मध्ये सी.सी.सी. या संजीवकाचा अंश सापडला म्हणून युरोपने माल नाकारला, तेव्हापासून बागाईतदार औषधाची मात्रा मोजून-मापून धरतात. चांगलेच आहे. पण त्याच बागेच्या बांधाला ग्रामपंचायतीची विहीर असते. तिच्यात काय उतरले, ते कोण बघतो?

गावातल्या तपासणी संचावर नायट्रेट, फ्लोराईड, क्षार कळतात. औषधाचा अंश कळत नाही. कुकडी प्रकल्पाचे पाणी आल्यावर ऊस वाढला, तणनाशकेही आली. आपल्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण, त्याला फटी. पाटपाण्याबरोबर मुळांखाली गेलेले ॲट्राझिन या फटींतून विहिरीकडे सरकते. भूजलात सापडते म्हणून युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मान्यता काढली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, म्हणजे पाच लाख लिटरमध्ये एक ग्रॅम!

टीसीएल टाकली की झाले, हा समज सोडा. टीसीएलने जंतू मरतात, औषध जात नाही. तुरटीने गाळ बसतो. उकळूनही भरवसा नाही. उपाय आहे तो ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे करवंटीपासूनही बनणाऱ्या खास कोळशाचा. पाणी त्यात निदान दहा मिनिटे राहिले पाहिजे. ताशी पाच हजार लिटरच्या योजनेला आठशे-नऊशे लिटर कोळसा लागतो. ठेकेदार हातभर नळकांडे बसवू लागला तर सरपंचांनी हा हिशोब विचारावा. टीसीएल कोळशानंतर टाकायची, आधी टाकली तर कोळसा क्लोरीनच शोषून बसतो. आणि कोळसा भरला की पाणी दिसायला तसेच राहते, औषध मात्र आरपार जाते. म्हणून तो बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरा.

त्याहून स्वस्त म्हणजे विहिरीच्या काठावर औषध कालवणे, पंप धुणे आजच बंद करणे. रिकामे डबे ओढ्यात फेकणेही तसेच.

तपासणी करायची तर प्रयोगशाळेला औषधांची नावे द्यावी लागतात. गावात काय खपते, ती यादी कृषी सेवा केंद्रातून घ्या, जमले नाही तर आमच्याकडे या. नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर, गडद काचेच्या बाटलीत घ्यावा.