विश्वास आपल्या जागी, सोयरीक आपल्या जागी

माझे मामा रोज पहाटे पाचला उठून पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचतात. कित्येक वर्षांत खंड नाही. त्यांच्या मुलीने गायनमंडळातल्या एका मुलाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मूळचे कोण?"

नगर जिल्ह्यात, निदान आमच्या नात्यागोत्यात, या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आम्ही महारांमधून आलेलो, तो मुलगा मांगांमधून. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. तेव्हापासून किती पिढ्या गेल्या, नावं बदलली, घरं बदलली, पण हा प्रश्न बाप्तिस्म्याच्या पाण्यातूनही कोरडाच बाहेर आला.

मी पाळकांकडे गेलो. माणूस सज्जन आहे, हे आधीच सांगतो. ते म्हणाले, "हे बघ, तारण विश्वासाने आहे, कृत्यांनी नाही. सोयरीक हा घरगुती विषय. मंडळी त्यात पडत नाही." मामांनी तेच आपल्या भाषेत सांगितलं, "विश्वास आपल्या जागी, सोयरीक आपल्या जागी."

माझं भांडण या वाक्याशी आहे. कारण हे वाक्य फार सोयीचं आहे. फोनवर रील्स बघा, दर तिसरा प्रचारक सांगतोय, फक्त विश्वास ठेव, बाकी काही करायची गरज नाही. ऐकायला गोड लागतं. शिवाय ज्याला काही करायचंच नाही, त्याला ते पुरतंही.

पण 'कृत्यांनी नाही, विश्वासाने' हा सिद्धांत पौलाने कुठे मांडला, ते एकदा उघडून पाहा. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली, तसा तो घाबरून ताटावरून उठला आणि वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर धारेवर धरलं, आणि त्याच भांडणाच्या ओघात नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरण्याचा मुद्दा येतो. म्हणजे वाद पंक्तीचा होता! कोण कुणाच्या शेजारी बसून जेवणार, याचा. पंक्तिभेद मोडायला वापरलेलं वाक्य आज आपण पंक्तिभेद झाकायला वापरतो. पौलाला हे कळलं असतं तर त्याने आमच्या पाळकांकडे चहा घेतला नसता. (मी घेतला. चांगला होता.)

हाच पौल रोमकरांस पत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या अध्यायात विश्वास आणि आज्ञापालन हे शब्द एकत्र आणतो. त्याला ते दोन कप्पे वाटत नव्हते. कप्पे आपण केले.

मार्टिन ल्यूथरचं नाव इथे नेहमी पुढे केलं जातं. खरं आहे, १५२२ च्या जर्मन भाषांतरात त्याने रोम ३:२८ मध्ये 'केवळ' हा शब्द स्वतः घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली. पण चारशे वर्षांनी ल्यूथरच्याच देशात, ल्यूथरच्याच मंडळीत काय झालं? १९३३ मध्ये प्रशियाच्या मंडळीने ठरवलं की ज्यू वंशाच्या माणसाला पाळक राहता येणार नाही. त्याचा बाप्तिस्मा झालेला असो, विश्वास पक्का असो. मूळचे कोण? तोच प्रश्न, जर्मन भाषेत. ज्या थोड्यांनी विरोध केला त्यांत डिट्रिख बोनहोफर हा तरुण पाळक होता. १९३७ च्या पुस्तकात त्याने 'स्वस्त कृपा' हा शब्द वापरला आणि विश्वास व आज्ञापालन एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे ठासून सांगितलं. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फासावर चढवलं. तो ल्यूथरचाच माणूस होता, हे विसरू नका.

वधस्तंभावरच्या चोराचं काय, असा प्रश्न येतोच. त्याने कुठलं आज्ञापालन केलं? त्याच्या हातात काही तास होते आणि हातांत खिळे. तरीही त्याने शेजारच्याला अन्यायाबद्दल दटावलं. जेवढं उरलं होतं तेवढं केलं. मामांच्या हातात चाळीस वर्षं होती.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. आज्ञापालन हा शब्द बायकांना आणि मुलांना गप्प बसवायला फार वापरला गेला आहे. माझ्या मामेबहिणीलाही तोच ऐकवला: आईबापांची आज्ञा मोड. म्हणजे मुलीने आज्ञा पाळायची आणि बापाने फक्त विश्वास ठेवायचा? आज्ञा कुणाची, हे विचारल्याशिवाय मी हा शब्द वापरणार नाही.

लक्ष्मीबाई टिळक आठवतात. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यानंतर त्यांनी बराच काळ सोवळं सांभाळलं. मग जात माणसाने केली, देवाने नाही, हे मनाशी पटलं आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर. आधी ताट, मग पाणी. आमच्याकडे पाणी कधीच झालंय, ताट राहिलंय.

आणि बाहेर आपण काय सांगतो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती दलित वगळले गेले. तो अन्याय आहे, कारण धर्म बदलून जात सुटत नाही, हे आपण न्यायालयात सांगतो. मीही सांगतो. मग रविवारी मंडळीत 'आमच्यात जात नाही' म्हणताना आपली जीभ कशी अडखळत नाही?

मामांवर माझा राग आहे, पण मी स्वतः काय केलं? त्या दिवशी "मूळचे कोण?" ऐकून मी ताटाकडे बघत राहिलो. मटण छान झालं होतं. पेत्र निदान उठून गेला. मी बसून राहिलो.

दोघांनी आता विशेष विवाह कायद्याखाली अर्ज दिलाय. कार्यालयाच्या फलकावर तीस दिवस नोटीस लागते, मग लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन मिळालेत, दोघंही तिच्या कॉलेजचे. मंडळीतलं कुणी नाही. काल रात्री तिचा मेसेज आला, "दादा, तू येशील का?"

मी आधार कार्डाची झेरॉक्स काढून ठेवलीय. मामांना आज संध्याकाळी सांगणार आहे.