अर्धशिशीची उपेक्षा थांबावी

पेडणे वा डिचोली तालुक्यातील कोणत्याही वाड्यावर गेल्यास एखाद्या घरात दार लोटून, खिडकीवर चादर टाकून, कपाळाला फडके घट्ट बांधून पडलेली एखादी गृहिणी आढळते. विचारपूस केली की घरची माणसे सांगतात, ‘काही नाही, डोके धरले आहे, संध्याकाळपर्यंत बरे वाटेल.’ ताप नसतो, जखम नसते, सूज नसते. म्हणून दुखणेही नाही, असे मानण्याची आपल्या समाजाला जुनी खोड आहे. अर्धशिशीच्या रुग्णाला वेदनेइतकाच हा अविश्वासही सोसावा लागतो. कामाच्या वेळी डोके दुखते म्हणजे ते कामाचे निमित्त, असा शेरा सासुरवाशिणीने ऐकावा, कामगाराने ऐकावा आणि शाळकरी मुलानेही ऐकावा, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

हे दुखणे आजकालच्या धकाधकीने जन्माला घातलेले नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले असून त्यांत ‘अर्धावभेदक’ हा एक आहे. अर्ध्या मस्तकात भेदल्यासारखी वेदना होते, भोवळ येते आणि हा त्रास दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात उद्भवतो, असे त्याचे वर्णन आहे. ज्या ग्रीक शब्दावरून ‘मायग्रेन’ हे नाव आले, त्याचाही अर्थ ‘अर्धी कवटी’ असाच आहे. दूरदूरच्या दोन संस्कृतींनी एकाच व्याधीला जवळजवळ एकच नाव द्यावे, यावरून हा केवळ मनाचा खेळ नव्हे, हे उघड व्हावे.

आधुनिक वैद्यक सांगते की हा मज्जासंस्थेचा विकार असून त्याकडे असलेला कल पुष्कळदा वंशपरंपरेने येतो. चेहरा व डोके यांच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे चेतवले जाते, काही रासायनिक द्रव्ये स्रवतात आणि ठणका सुरू होतो. उपचार न केल्यास तो प्रौढांमध्ये ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकतो. उजेड सोसवत नाही, आवाज सोसवत नाही, मळमळते, उलटी होते. काही रुग्णांना ठणक्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. उलटीनंतर पुष्कळांना हलके वाटते, आणि म्हणून आपल्याकडे हे सारे ‘पित्ता’च्या खात्यावर जमा होते. वर्षानुवर्षे पित्तशामक गोळ्या चालतात, चष्म्याचे नंबर बदलले जातात. मूळ व्याधीचे नाव मात्र कोणी घेत नाही.

व्याधी विरळ असती तर ही उपेक्षा एकवेळ समजली असती. जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना अर्धशिशी आहे आणि स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. शेजारच्या कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, प्रौढांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला वर्षभरात हा त्रास झाल्याचे आढळले. सीमेच्या अलीकडची माणसे निराळ्या मातीची नाहीत.

आपल्या राहणीतही या दुखण्याला डिवचणाऱ्या गोष्टी आहेत. उपाशी राहणे, झोप कमी होणे वा तिची वेळ बिघडणे, कडक ऊन, उग्र वास, मनावरचा ताण आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीचे दिवस ही त्यांतील प्रमुख निमित्ते होत. संकष्टीला चंद्रोदय होईतो अन्न न घेणारी, चवथीच्या दिवसांत पहाटे उठून मध्यरात्रीपर्यंत चुलीपाशी राबणारी स्त्री यांतील तीन-चार निमित्ते एकाच दिवशी अंगावर घेते. मोपाच्या मनोहर विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. तेथे आणि हरमल-मोरजीच्या हॉटेलांत रात्रपाळी करणाऱ्यांची झोपेची घडी आठवड्या-आठवड्याला विस्कटते. डिचोलीत २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा ज्या घरांच्या दारात कर्जाचे ट्रक उभे राहिले, त्या घरांतील ताणाबद्दल आम्ही वेगळे काय सांगावे? निमित्ते म्हणजे मूळ कारण नव्हे. पण ती ओळखली तर झटके कमी करता येतात. उपवासाला आमचा विरोध नाही. ज्या व्यक्तीला उपासाने हमखास डोके धरते, तिने वेळेवर फराळ करावा, भरपूर पाणी प्यावे आणि त्यासाठी तिला कोणी बोल लावू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. परमेश्वर भक्तीचा भुकेला असतो, भक्ताच्या वेदनेचा नव्हे.

याहून गंभीर धोका फार्मसीच्या फळीवर आहे. डोके दुखले की गोळी, पुन्हा दुखले की पुन्हा गोळी, असा क्रम अनेक घरांत रूढ झाला आहे. महिन्यात १५ वा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, किंवा १० वा अधिक दिवस मिश्र गोळ्या, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर त्या गोळ्याच डोकेदुखीला कारण होऊ शकतात. मग रोज दुखते म्हणून रोज गोळी आणि रोज गोळी म्हणून रोज दुखणे, या चक्रातून वैद्यकीय मदतीशिवाय बाहेर पडणे कठीण होते. जठर आणि मूत्रपिंडे यांना पोचणारी हानी निराळीच.

खेद याचा की उपाय उपलब्ध आहेत. ठणका सुरू होताच योग्य मात्रेत घेतलेली साधी गोळी आणि जोडीला मळमळ थांबवणारे औषध पुष्कळांना पुरते. त्याने न भागल्यास सुमाट्रिप्टानसारखी खास औषधे १९९१ पासून वापरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. वारंवार त्रास होणाऱ्यांसाठी प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन यांसारखी जुनी, स्वस्त प्रतिबंधक औषधे आहेत. मात्र सुमाट्रिप्टान हृदयविकार असलेल्यांना आणि प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही. म्हणून हा निर्णय डॉक्टरांनीच करावयाचा. रुग्णाने वहीत दुखण्याची तारीख, जेवण, झोप, पाळी आणि घेतलेली गोळी टिपून ठेवल्यास डॉक्टरांचे अर्धे काम होते. विजेसारखी अकस्मात उठलेली प्राणांतिक डोकेदुखी, ताप व ताठलेली मान, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे ही अर्धशिशी समजून घरी बसू नये; तडक इस्पितळ गाठावे.

सुंठीचा लेप, अंधारी खोली आणि शांत झोप यांना आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांनी आराम पडत असेल तर तो अवश्य घ्यावा. दिष्ट काढून आजीचे समाधान होत असेल तर तेही होऊ द्यावे. पण तेवढ्यावर थांबू नये. पेडणे तालुक्यात धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाचे उद्घाटन झाले. ज्या शास्त्राने अर्धावभेदकाचे इतके नेमके वर्णन केले, त्याच्या या संस्थेने आणि १८४२ च्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणाऱ्या बांबोळीच्या गोमेकॉने या एका व्याधीपुरते तरी हातात हात घालून काम करावे. दोन्हींच्या उपचारांचे फळ मोजूनमापून जनतेपुढे ठेवावे.

शासनाकडे आमची मागणी मोठी नाही. पेडणे आणि डिचोली येथील आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक दिवस डोकेदुखीच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. गोमेकॉच्या तज्ज्ञांनी तेथील डॉक्टरांना प्रशिक्षण द्यावे आणि वर सांगितलेली औषधे केंद्रांतच मिळावीत. त्यासाठी नवी इमारत नको, महागडी यंत्रे नकोत. नेहमीच्या अर्धशिशीचे निदान बहुधा रुग्णाचे नीट ऐकून घेतल्यानेच होते. पेडण्याच्या एखाद्या शेतकरणीने एक दिवसाची मजुरी बुडवून, शापोरा आणि मांडवी ओलांडून बांबोळी गाठावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. ती जात नाही, फार्मसीत जाते.

उरलेली मागणी घराघराकडे आहे. तिला औषधाचा खर्च नाही. उद्या घरात कोणी ‘डोके धरले’ म्हणून आडवे झाले तर दिवा मालवावा, रेडिओ बंद करावा, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा आणि त्या दिवसाचे काम दुसऱ्याने उचलावे. त्या व्यक्तीचे दुखणे खरे आहे, एवढे मानले तरी उपचाराची सुरुवात झाली, असे आम्ही समजू.